हॉल भरायला गेलो त्याची गोष्ट

मला दोन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांचा कंटाळा आलाय. असं सरळ लिहायला बरं वाटत नाही, कारण ती मडकी म्हणजे माझ्या मुलीचं आयुष्य. पण बारा वर्षं मी तिची लेक्चरं ऐकली, आणि आता सहासष्टाव्या वर्षी खोटं बोलायची ताकद राहिलेली नाही. भूमध्य समुद्राच्या काठचं एक लहानसं बंदर, तिथली साध्या लोकांची घरं, त्या घरांतली स्वयंपाकाची फुटकी मडकी आणि त्या मडक्यांच्या बुडाला धरलेली काजळी. एवढ्यावर तिनं पीएच.डी. केली. काजळीवर. माझी आई जन्मभर राख आणि काथ्या घेऊन जी घासत बसली तीच ही काजळी, आणि माझी मुलगी ती पुसली जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरते.

ही लेक्चरं कुठे होतात ते सांगते, म्हणजे माझा कंटाळा कळेल. लायब्ररीच्या तळघरात. एखाद्या म्युझियमच्या मागच्या खोलीत. कॉलेजच्या अशा इमारतीत, जिथे पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो. वेळ बहुतेक रविवारी दुपारी, शहाणी माणसं झोपतात तेव्हाची. पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांचे सात-आठ आजी-आजोबा, कधीतरी ग्रीसच्या नाहीतर इटलीच्या टूरला जाऊन आलेले. मागे टेबलावर चीजचे चौकोनी तुकडे, द्राक्षं, कोमट कॉफी. प्रोजेक्टर आधी चालत नाही, मग कुणीतरी केबल हलवतं आणि चालतो. ज्यांनी बोलावलेलं असतं ते गृहस्थ उठून तिचं नाव चुकीचं उच्चारतात. ती हसते. मी हसत नाही. मग दिवे मंद होतात आणि पंधराव्या मिनिटाला माझे डोळे मिटायला लागतात. आमचे हे तर पाचव्या मिनिटालाच गेलेले असतात. वर म्हणतात, "मी डोळे मिटून ऐकत होतो." मी म्हणते, "घोरत घोरत ऐकत होतात." मग घरी येईपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही.

इंग्रजी येत नाही म्हणून झोप येते असं नाही हं. तीस वर्षं मी इथे इन्शुरन्सच्या ऑफिसात काढली. गोऱ्या साहेबांची पत्रं सुधारून दिली. पण हिचं एक वाक्य सुरू होतं, मध्ये त्याला इतके फाटे फुटतात, की वाक्य संपेपर्यंत मी मनानं घरी जाऊन कुकर लावून आलेली असते. लेक्चर संपल्यावर ती विचारायची, "आई, कसं झालं?" मी म्हणायची, "छान झालं. जॅकेट शोभत होतं तुला." जॅकेटबद्दल मी कधी खोटं बोलले नाही.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. राहतो आयसेलिनपासून, म्हणजे इथल्या देशी दुकानांच्या गावापासून, पंधरा मिनिटांवर, गेली त्रेचाळीस वर्षं. मुलगी इथेच जन्मली. आमच्या ओळखीतली बाकीची मुलं डॉक्टर झाली, वकील झाली, बेलव्ह्यूला जाऊन सॉफ्टवेअरवाली झाली. हिनं लॅटिन घेतलं. आम्ही विरोध केला नाही असं आम्ही सगळ्यांना सांगतो. केला होता. सहा महिने घरात तेवढा एकच विषय होता, आणि शेवटी हे म्हणाले, "करू दे तिला, आपण दमलो." आशीर्वाद म्हणून तिला तेवढंच मिळालं.

पीएच.डी. झाली आणि मग सुरू झाल्या एकेका वर्षाच्या नोकऱ्या. एक वर्ष ओहायो, दोन वर्षं टेक्सास, मग वर थंडीत मेन, मग परत ओहायो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. दर मे महिन्यात खोकी भरायची, दर ऑगस्टमध्ये उघडायची. कायमची नोकरी तिच्या विषयात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघते, आणि प्रत्येकीसाठी तिच्याएवढीच शिकलेली, तिच्याएवढीच थकलेली माणसं रांगेत उभी असतात. लग्नाचं तर मी विचारणंच सोडलं. जिला पुढच्या वर्षी आपण कुठल्या राज्यात असू ते माहीत नाही, तिला काय विचारायचं?

आता मुद्द्याचं सांगते, उगाच लपवाछपवी नको. दोन वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी, तिला पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजनं कायमच्या नोकरीसाठी बोलावलं. दोन दिवसांची मुलाखत, आणि तिचा मुख्य भाग म्हणजे एक जाहीर लेक्चर. समोर निवड करणारी मंडळी, विद्यार्थी, ज्याला यायचं तो. त्या एका तासावर नोकरी मिळणार की जाणार हे ठरतं. तिनं मनाशी ठरवलं होतं की यंदा नाही झालं तर हा विषयच सोडायचा. ही शेवटची खेप. आणि यातलं आम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

माहीत का नव्हतं? कारण मीच तिला शिकवलं होतं. शाळेच्या परीक्षेपासून कॉलेजच्या अ‍ॅडमिशनपर्यंत मी तिच्या डोक्यात भरलं होतं की काम होईपर्यंत तोंडातून काढू नये, दृष्ट लागते. आईलासुद्धा सांगू नये, आईची तर पहिली लागते. इथे जन्मलेली, देवाला हात जोडताना खांदे उडवणारी ही पोरगी, माझ्या बाकीच्या एका शब्दावर तिचा विश्वास नाही, पण नेमकं हे मात्र तिनं पाळलं.

त्याच वर्षी जानेवारीत तिचं एका लायब्ररीत लेक्चर होतं. बर्फ पडलेला. आम्ही दोघं हट्टानं गेलो. खोलीत चाळीस खुर्च्या मांडलेल्या आणि माणसं पाच. त्यात दोन आम्ही, एक लायब्ररीवाली बाई, एक गृहस्थ उबेला आलेले. पाचवे कोण ते मला अजून कळलेलं नाही. माझी मुलगी त्या पस्तीस रिकाम्या खुर्च्यांसमोर तासभर अगदी मन लावून बोलली. त्या दिवशी मला झोप आली नाही. संताप आला. तिचा नाही, खुर्च्यांचा.

आता आपल्याकडची रीत बघा. आपल्या मराठी मंडळातल्या कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे नाचाचा पहिला जाहीर कार्यक्रम, असलं की आपण जातो. तीन तास बसतो. कुणाचा मुलगा तबला शिकला की जातो, कुणाच्या सुनेनं कवितांचं पुस्तक स्वतःच छापलं की जातो, वर पुढच्या रांगेत बसून माना डोलावतो. कळतं म्हणून नाही जात. आपल्या माणसाचा हॉल रिकामा दिसू नये म्हणून जातो. मी अकरा अरंगेत्रमं बघितली आहेत, आणि मला नाचातलं ओ की ठो कळत नाही. मग माझ्या मुलीनं असं काय पाप केलं होतं की तिच्या वाट्याला पाच माणसं यावीत? तिनं घुंगरू बांधले नाहीत, एवढंच ना?

मार्चमध्ये मला त्या कॉलेजच्या वेबसाइटवर तिचं नाव दिसलं. मी अधूनमधून तिचं नाव टाकून बघत असते, तिला हे आवडत नाही. गुरुवार, दुपारी चार, अमुक इमारत, अमुक खोली, सर्वांना प्रवेश खुला. मुलाखत वगैरे एक अक्षर तिथे नव्हतं. मला वाटलं, आणखी एक नेहमीचंच. ह्यांना म्हटलं, "हा हॉल मी भरणार." हे म्हणाले, "गुरुवारी? पेनसिल्व्हेनियात? कोण येतंय?" मी फोन घेऊन बसले.

कोण येतंय म्हणे. सतरा माणसं आली. बहुतेक रिटायर झालेली काका-काकू मंडळी, शिवाय आयटीतलं एक तरुण जोडपं, ज्यांनी व्हॅनमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन अर्धा दिवस काम केलं. "काकू, मीटिंग आहे, जरा हळू बोला ना," असं ते दर थोड्या वेळानं म्हणायचे आणि कुणी हळू बोलायचं नाही. नागपूरचे एक काका होते, मंडळाचे माजी अध्यक्ष, माइक नसला तरी चालेल असा आवाज. आणि एक ऐंशीच्या काकू, कराडजवळच्या खेड्यातल्या, मुलाकडे राहतात. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. म्हणाल्या, "पोरगी बोलती तर बघू की. घरात बसून तरी काय करायचं?" दोन व्हॅन केल्या. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं घेतलं. बायकांना बजावलं होतं, चांगल्या साड्या नेसा, कार्यक्रम आहे.

मुलीला कळवलं नाही. सरप्राइज.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पिशव्यांसकट त्या खोलीत शिरलो. हॉल कसला, तीस-पस्तीस खुर्च्यांची वर्गखोली. पहिल्या रांगेत चार माणसं वह्या घेऊन बसलेली, मागे दहाएक विद्यार्थी. मुलगी काळ्या जॅकेटात टेबलाशी उभी होती, हातात कागदांचा गठ्ठा. तिनं वर बघितलं. त्या चेहऱ्याचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय. तेव्हा मला वाटलं, आनंद झाला. माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं.

ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही सगळे? इथे?"

"सरप्राइज," मी म्हटलं. "आज एक खुर्ची रिकामी राहणार नाही बघ."

ती काही बोलणार होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतली करड्या केसांची एक बाई उठून आली आणि हसून म्हणाली, "इज धिस युअर फॅमिली?" माझ्या मुलीनं आमच्याकडे बघितलं. सिल्कच्या साड्या, पिशव्या, नागपूरचे काका खुर्च्या सरकवून घेत होते, कराडच्या काकू स्वेटरची बटणं सोडत होत्या. आणि ती म्हणाली, "येस. धिस इज माय फॅमिली." सगळ्यांना. मग माझी वेगळी ओळख करून दिली. ती बाई निवड समितीची प्रमुख होती, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

मुलगी परत टेबलाशी गेली. कागदांवर पिवळ्या रंगानं रेघा ओढलेल्या मला माझ्या खुर्चीवरून दिसत होत्या. तीन आठवडे ती रोज संध्याकाळी फोन लवकर ठेवायची, ते या कागदांसाठी. तिनं पहिल्या पानाकडे पुष्कळ वेळ बघितलं. इतका वेळ, की मागे कुणीतरी खोकलं. मग तिनं गठ्ठा उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आज सकाळी तुमच्यापैकी कुणी काय शिजवलं? आणि काही करपलं का?"

कराडच्या काकूंना शेजारणीनं सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "पोहे. करपले न्हाईत." सगळे हसले. पहिल्या रांगेतलेही हसले.

आणि मग ती बोलायला लागली. एकही फाटा न फुटलेली वाक्यं. पडद्यावर एक मडकं दाखवलं, पूर्ण बूड काळं. म्हणाली, हे तीन दगडांवर ठेवलेलं, खाली ज्वाळ, म्हणजे या घरात जळण भरपूर होतं. दुसरं मडकं, बुडाच्या मध्ये स्वच्छ आणि भोवती काळं कडं. हे निखाऱ्यात रुतवून ठेवलेलं. जळण कमी, म्हणून बाई मंद आचेवर शिजवायची. घरातून बाहेर कामाला जाता जाता ठेवत असेल, बंदरावर जाळी दुरुस्त करायला जात असेल, परत येईपर्यंत डाळ शिजलेली. म्हणजे तिचासुद्धा स्लो कुकर, मी ह्यांच्या कानात म्हटलं. हे जागे होते. अख्ख्या रांगेत एक माणूस झोपलं नव्हतं. ती म्हणत होती की या बायकांबद्दल कुणी एक ओळ लिहून ठेवली नाही, राजांबद्दल लिहिलं, लढायांबद्दल लिहिलं. पण रोज काय शिजलं, घाईत शिजलं की निवांत, जळण पुरलं की उसनं आणलं, हे त्या काजळीत राहिलंय. ती वाचता येते. मी ती वाचते, असं म्हणाली.

बारा वर्षांनी मला कळलं माझी मुलगी काय करते ते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पदरानं पुसले. उगाच लपवू कशाला?

मग प्रश्न. करड्या केसांच्या बाईनं काहीतरी लांबलचक विचारलं, किती तुकडे, कुठल्या थरातले, हे अनुमान कशावरून. मुलीनं उत्तर सुरू केलं आणि पडद्यावर एक मडकं आणलं, ज्याच्या एकाच अंगाला काजळी होती. तेवढ्यात कराडच्या काकूंनी हात वर केला. नागपूरचे काका गरजले, "काकू, बोला बोला, लाजू नका." काकू मराठीतच म्हणाल्या, "ह्ये जाळावरचं न्हवं. ह्ये वैलावरचं हाय." चुलीला बाजूला आणखी एक तोंड असतं त्याला वैल म्हणतात. पुढच्या जाळावर भाकरी भाजायची आणि उरलेल्या धगीवर, वैलावर, कालवण गरम ठेवायचं. "एका अंगानंच धग लागती न्हवं," काकू म्हणाल्या, "म्हणून एकच अंग काळं."

माझी मुलगी टेबल सोडून खाली आली आणि काकूंच्या समोरच्या खुर्चीवर उलटी बसली. "परत सांगा," म्हणाली. बोर्डावर चूल काढली, वैल काढला, काकूंनी उठून तो पुसून नीट काढला. दहा मिनिटं ते चाललं. मुलीच्या तोंडावर लहानपणी असायचा तो आनंद होता. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं वही मिटली आणि घड्याळ बघितलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, भूक लागली असेल बिचाऱ्याला.

त्यानंतर आणखी दोन हात वर होते, त्या वह्यावाल्यांचे. पण नागपूरचे काका उभे राहिले. कार्यक्रम संपत आला की आभारप्रदर्शन केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी कॉलेजचे आभार मानले, उत्तम व्यवस्थेबद्दल मानले, प्रोजेक्टर सांभाळणाऱ्याचे मानले, आम्हा आईवडिलांचे मानले आणि या गुणी मुलीला मंडळातर्फे शुभेच्छा दिल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच वाजले, दारात पुढच्या वर्गाची मुलं उभी होती. संपलं.

बाहेर आम्ही फोटो काढले. सतरा जणांचे, मग बायकांचे, मग काकूंबरोबर. पुऱ्यांचा डबा उघडला. मुलीला त्या वह्यावाल्या मंडळींबरोबर जेवायला जायचं होतं, ती मंडळी बाजूला थांबून राहिली होती, आणि आम्ही आपले "आणखी एक, आणखी एक." मुलीनं एकदाही घाई केली नाही. निघताना तिनं मला घट्ट मिठी मारली. "थँक्स फॉर कमिंग, आई," म्हणाली. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये सगळे एवढे खुशीत होते की आयटीवाल्या मुलानंसुद्धा लॅपटॉप मिटला. "यार काकू, असे प्रोफेसर असते तर मी पण हिस्टरी घेतली असती," म्हणाला. मी घरी येऊन चार जणींना फोन केले.

मे महिन्यात ती आली, नेहमीसारखी खोकी घेऊन. या वेळी खोकी जास्त होती. म्हणाली, अ‍ॅशबर्नला नोकरी घेतली, डेटा सेंटरच्या कंपनीत. मशीन्सची माहितीपत्रकं लिहायची. पगार चांगला, इन्शुरन्स चांगला. मी कणीक मळत होते. म्हटलं, "आणि शिकवायचं? ते पेनसिल्व्हेनियावाले परत बोलावतील की. किती आवडलं होतं सगळ्यांना."

तेव्हा तिनं सांगितलं. मुलाखत होती ते, शेवटची होती ते, सगळं. आवाज न चढवता, एखाद्या दुसऱ्याच बाईची हकिकत सांगावी तसं. समितीतला एक जण तिच्या जुन्या ओळखीचा, त्यानं नंतर फोन केला होता. लेक्चर गोड झालं, म्हणाला, पण ते सर्वसामान्य लोकांसाठीचं झालं. संशोधन कुठे दिसलंच नाही. प्रश्नांना वेळ उरला नाही. काही जणांना वाटलं, फारच सोपं होतं.

माझे हात कणकेत तसेच राहिले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात, पण इथे मारुतीसुद्धा झाला नाही. मी म्हटलं, "मग आम्हाला बाहेर का नाही काढलंस? माझ्यावर ओरडायचं होतंस."

"सतरा लोकांना? साड्या नेसून आलेल्या?"

"मग निदान तुझं ते लिहिलेलं वाचायचं होतंस. आमचा कशाला विचार केलास? आम्ही गप्प बसलो असतो."

"माहितीये, आई." ती ओट्याला टेकून उभी होती. "कागद हातातच होते. मी वाचू शकले असते. नाही वाचले, दॅट्स ऑन मी. मी विचार केला, नोकरी नाही मिळाली तर हे माझं शेवटचं लेक्चर. आणि तू समोर बसली होतीस. आय वॉन्टेड द जॉब. आय रिअली डिड. पण तुला एकदाही न कळता मी हे सोडून देणार, हे मला नाही सहन झालं."

मी रडले. ती नाही रडली. तिनं माझ्या हातातून परात घेतली आणि कणीक मळून टाकली, जरा सैलच.

आता ती अ‍ॅशबर्नला असते. बरी आहे. तब्येत सुधारलीये, शनिवारी फोन करते, मशीन्सबद्दल काही सांगत नाही आणि मडक्यांबद्दलही नाही. मी तिची क्षमा मागितली, तीनदा मागितली. दर वेळी ती म्हणते, तुझी चूक नव्हती, तुला माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. ती मराठी बोलते, वाचता तिला येत नाही, म्हणून इथे लिहिते. त्या दिवशी बाहेर फोटो चालू असताना ती करड्या केसांची बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. मी तिला पुरी दिली. तिनं सहज विचारलं, कसं वाटलं तुम्हाला मुलीचं लेक्चर? मी अभिमानानं फुलले होते. मला माझ्या मुलीचं मोठं कौतुक करायचं होतं. मी म्हटलं, मी तिची सगळी लेक्चरं ऐकलीयेत, एकातलंही मला काही कळलं नव्हतं, पण आजचं किती सोपं होतं, अगदी लहान मुलालासुद्धा समजलं असतं. बाईनं चावायचं थांबवून माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, की आज काहीच अवघड नव्हतं. "थँक यू फॉर टेलिंग मी," ती म्हणाली, आणि मी तिला आग्रहानं आणखी एक पुरी वाढली.